मित्सुएने न खाल्लेलं हाड

दुकानात गिऱ्हाईक खळखळून हसलं की मित्सुएला धास्ती वाटायची. कोंबडीच्या सळ्या भाजून विकायचं दुकान ते. तिथे माणसं दिवसाचं काम उरकून बिअर प्यायला आणि हसायलाच येतात. अशा दुकानाच्या मालकिणीने हसण्याला भ्यायचं म्हणजे कोळ्याच्या बायकोने पाण्याला भ्यावं तशी गत, पण तिचं तसं होतं खरं. जपानातल्या सेन्झाकी बंदरातले मच्छीमार आणि मासळीबाजारातले हमाल काउंटरला ओळीने बसायचे, कुणीतरी काहीतरी चावट बोलायचं, सगळे माना मागे टाकून हसायचे, आणि मित्सुए हातातलं काम तसंच टाकून एकेकाचा गळा बघत उभी राहायची.

त्यातून समोरच्या ताटलीत नानकोत्सु असलं तर विचारूच नका. नानकोत्सु म्हणजे कोंबडीचं मऊ हाड. शाळेच्या पुस्तकात त्याला कूर्चा म्हणतात. त्यातलं एक गुडघ्याचं, गोलसर, सुपारीएवढं. दुसरं छातीच्या हाडाचं टोक, बाणासारखं. मीठ लावून कोळशावर भाजायचं आणि वरून लसणाची पूड भुरभुरायची, की दाताखाली करकर वाजतं. चव अशी त्याला फार नाहीच. लोक ते आवाजासाठी खातात, आणि ज्याचे दात शाबूत आहेत तो मुद्दाम शेजाऱ्याला ऐकू जाईल असं खातो.

हे हाड सळईत ओवायचं काम मित्सुएचं. लग्न होऊन या दुकानात आली त्या वर्षापासून दुपारभर ती मागच्या मोरीशी बसून ओवत आली. बोटं इतकी सरावलेली, की डोळे मिटून सांगावं हे डाव्या पायाचं की उजव्या. पण तिने स्वतः जन्मात एकदाही त्यातला तुकडा तोंडात घातला नव्हता. नवऱ्याला, तोकुजीला, वाटायचं की दिवसभर कोंबडीत हात घालून बाईला त्या वासाचा कंटाळा आला असेल. खरं कारण तिने त्याला सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

तुकडे मात्र ती इतरांच्या दुकानांपेक्षा बारीक करायची. तोकुजी सळई दिव्यापुढे धरून म्हणायचा, "काय गं, गिऱ्हाइकाला सोबत भिंगही द्यायचं का?" दुसऱ्या दिवशी तुकडे आणखी बारीक व्हायचे.

भीती अशी उगाच कुणाला लागत नाही. मित्सुए सात वर्षांची असताना गावच्या शरद ऋतूच्या जत्रेला तिच्या वडिलांनी पाहुणे बोलावले होते. अंडी घालायची थांबलेली एक कोंबडी कापली. मांस पाहुण्यांना गेलं, गुडघ्याची हाडं वडिलांनी हौसेने स्वतःच्या वाट्याला घेतली. माणूस मोठा हसरा. घास तोंडात असताना शेजारच्याने काहीतरी विनोद केला, वडील हसले, आणि हसताहसता एकदम गप्प झाले. आधी सगळ्यांना वाटलं, हा आणखी एक विनोद. मग त्यांचा चेहरा काळानिळा पडला. कुणी पाणी आणा म्हणालं, कुणी घास खाली ढकलायला साके, म्हणजे तांदळाची दारू, ओतली, ती अंगरख्यावर सांडली. कोपऱ्यात उभ्या असलेल्या मुलीला एवढंच आठवतं, की एवढ्या माणसांच्या खोलीत कसलाही आवाज नव्हता. खोकला नाही, हाक नाही. ती शांतता तिच्या कानात जन्माची बसली.

आणि त्यानंतर जे झालं, त्याने भीतीला आकार आला.

दहन झालं. तिकडच्या रीतीप्रमाणे घरची माणसं अस्थी वेचायला उभी राहिली. चॉपस्टिक्सने वेचतात, एकेक अस्थी दोघांनी मिळून उचलायची, आधी पायांच्या, मग वर वर जायचं. सगळ्यात शेवटी दहनभूमीच्या म्हाताऱ्याने राखेतून एक लहानसं पांढरं हाड बाजूला काढलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "हे गळ्याचं. बघा, किती छान राहिलंय. अगदी ध्यानाला बसलेले बुद्ध." मोठ्यांनी हात जोडले. आईने मित्सुएच्या हातात चॉपस्टिक्स दिल्या, आणि मायलेकींनी मिळून ते हाड उचलून मडक्यात ठेवलं.

सात वर्षांच्या पोरीच्या डोक्यात एकच विचार आला. गळ्यात होतं ते तर कोंबडीचं हाड. बाबांना मारणारं हेच ते. बाबा जळून गेले आणि हे मात्र आगीत टाकलं तरी जसंच्या तसं राहिलं, आणि आता सगळे त्यालाच हात जोडताहेत. विचारावं तर आई रडत होती. मग विचारायचं राहिलं ते राहिलंच.

मोठेपणी माणूस शहाणा होतो असं आपण समजतो. होतोही, पण जिथे त्याला शहाणं व्हायचं असतं तिथेच. बाकीच्या खोल्यांना तो कुलूप लावून ठेवतो. मित्सुएला हिशेब यायचा, बाजार यायचा, दारू चढलेल्या खलाशाला चपला घालून वाटेला लावणं यायचं. पण आगीत जे जळत नाही ते माणसाच्या पोटात कसं जिरेल, हा सात वर्षांच्या मुलीचा प्रश्न तसाच आत बसून होता. माहेरी वडिलांच्या अस्थींचं मडकं पुरलेल्या थडग्यापुढे उभी राहिली की ती हात जोडायची, पण नमस्कार मनापासून होत नसे. आत ते हाड आहे, या विचाराने तिच्या अंगावर काटा यायचा.

दुकानात नागातोमी नावाचे म्हातारे डॉक्टर यायचे. त्यांच्यासमोर एकदा हा विषय निघाला. मासळीबाजारातल्या बायका गुडघे दुखतात म्हणून गुडघ्याचंच हाड मागायच्या. कोंबडीचा गुडघा खाल्ला की तो थेट आपल्या गुडघ्यात जाऊन बसतो, अशी त्यांची ठाम समजूत. डॉक्टर हसून म्हणाले, की पोटाला कोंबडीचा गुडघा आणि कोंबडीची मान यातलं काही कळत नाही, ते सगळ्याचे तुकडेच करतं. आत प्रथिनं आहेत, थोडं कॅल्शियम, चरबी जवळपास नाही, खायला चांगलंच. नीट भाजलेलं असावं, नीट चावावं. औषध म्हणाल तर नाही, आणि विषही नाही.

"पण विरघळतं का ते?" मित्सुएने विचारलं. सगळा काउंटर तिच्याकडे बघायला लागला, कारण ती गिऱ्हाइकांच्या बोलण्यात कधी तोंड घालत नसे.

"न विरघळून जाईल कुठे?" डॉक्टर म्हणाले, आणि तुकडा करकर चावायला लागले. मित्सुए तो त्यांच्या घशाखाली उतरेपर्यंत श्वास धरून उभी होती. विश्वास तिला बसला नाही.

मग एका हिवाळ्यात तोकुजीला अर्धांगवायूचा झटका आला. निखाऱ्यांपुढे उभा असतानाच त्याच्या डाव्या हातातल्या सळया गळून पडल्या आणि तोंड वाकडं झालं. जीव वाचला. डावं अंग लुळं झालं, जीभ जड झाली, आणि गिळण्याची ताकद गेली. दुकानाचं दार बंद झालं. काउंटर, शेगडी, भिंतीवरच्या दराच्या पाट्या सगळं तसंच ठेवून दोघं मागच्या खोलीत राहू लागली. दुपारी मित्सुए त्याची चाकांची खुर्ची काउंटरपाशी आणून लावायची. तिथे बसलं की त्याला बरं वाटायचं. आता तो गिऱ्हाइकाच्या बाजूला होता.

आयुष्यभर परक्यांच्या गळ्यांकडे बघत काढलेल्या बाईला आता घरातच एक गळा राखायला मिळाला. हिरोसे नावाची तरुण मुलगी दर आठवड्याला यायची, गिळायला शिकवणारी. तिने सगळं समजावून सांगितलं. भात नाही, पेज. तीसुद्धा वाटून दाट केलेली. चहाही दाट करून, नाहीतर श्वासनलिकेत जातो. पाठ ताठ, हनुवटी खाली, एक घोट, मग पुन्हा रिकामा घोट. आणि अडकलंच, खोकताही येईना, तर माणसाला पुढे वाकवायचं आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने जोरात मारायचं. हात हलका ठेवायचा नाही. हे तिने मित्सुएकडून उशीवर करवून घेतलं.

मित्सुए उशी बडवत होती. तोकुजी खुर्चीत बसून बघत होता.

"वाचली का उशी?" तो जड जिभेने म्हणाला.

"हसण्यावारी नेऊ नका हो," मित्सुए म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

मित्सुए डोळ्यात तेल घालून त्याला भरवायची, पण तोकुजी खाईना. पहिले काही दिवस त्याने तोंड वेडंवाकडं करून ती पांढरी पेज गिळली, मग चमचा पुढे आला की ओठ मिटायला लागला. ज्या माणसाने जन्मभर धुरात उभं राहून दुसऱ्यांना चमचमीत खाऊ घातलं, त्याच्या पुढ्यात हे भिंतीला लावायच्या चुन्यासारखं काहीतरी. गाल बसले. मनगटं बारीक झाली. नागातोमी डॉक्टर घरी येऊन बघून गेले आणि जाताना दारात मित्सुएला म्हणाले, की असंच चाललं तर पोटात नळी घालावी लागेल, आणि तोकुजीने तर नळी नको म्हणून आधीच सांगून ठेवलंय. म्हणजे पुढे काय, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. मित्सुएला ते न बोलता कळलं.

"काय खावंसं वाटतं ते तरी सांगा," ती रोज विचारायची.

"नानकोत्सु," तो रोज म्हणायचा.

तिने काय काय नाही केलं. हाड बारीक कुटून मांसाच्या गोळ्यांत घातलं. हिरोसेने एक गोळा चावून बघितला आणि मान हलवली. हे कण तोंडात पसरतात काकू, म्हणाली, नेमके तेच घशात जातात. मग मित्सुएने हाडं सकाळपासून मंद आचेवर शिजत ठेवली. संध्याकाळपर्यंत ती पार गळून गेली, आणि गार झाल्यावर भांड्यात थरथरणारी वडी तयार झाली. तीही हिरोसेने बाद केली. तोंडात धरून ठेवली की हिचं पाणी होतं, आणि तोकुजीकाकांना पाणीच तर चालत नाही. शेवटी त्या रसात पावडर घालून, दाट करून चमचाभर द्यायची परवानगी मिळाली. मित्सुएने चमचा पुढे केला. तोकुजीने तो जिभेवर घेतला, डोळे मिटले, गिळला, आणि डोळे उघडून म्हणाला, "याला आवाज नाही."

त्यानंतर दोन दिवस त्याने तोंडच उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी काउंटरपाशी बसल्यावर तो आपणहून बोलला. "तू खा."

"काय खाऊ?"

"नानकोत्सु. इथं, माझ्या शेजारी बसून. मी ऐकतो." शब्दाशब्दाला तो थांबत होता. "तू तुझं खा, मी तुझी ती पेज खातो."

मित्सुएच्या तोंडचं पाणी पळालं. काहीतरीच काय, मला नाही आवडत, असं ती म्हणाली. न खाता कसं कळलं, त्याने विचारलं. माझे दात आता तसे राहिले नाहीत, ती म्हणाली. कालच सुका मासा फाडून खात होतीस, तो म्हणाला. ती उठून मोरीकडे गेली, उगाच भांडी घासत बसली. परत आली तेव्हा पेजेवर साय धरली होती आणि तो तिथेच, तसाच, ओठ मिटून.

असे आणखी काही दिवस नुसत्या दाट चहावर गेले. हट्टाला पेटलेल्या माणसाला उपाशी राहणं सोपं जातं, बघणाऱ्याला नाही. एकीकडे तो हळूहळू संपत चाललेला तिला दिसत होता. दुसरीकडे तो तुकडा स्वतःच्या तोंडात घालायचा नुसता विचार केला तरी ती जत्रेतली शांतता तिच्या कानात भरायची. बाई इतकी घाबरली होती की तिला स्वतःची लाज वाटायला लागली. हा माणूस माझ्यामुळे मरतोय, आणि मी एका सुपारीएवढ्या तुकड्याला भितेय.

शेवटी तिने सगळं सांगून टाकलं. काउंटरवर ओला फडका फिरवत, त्याच्याकडे न बघता, जत्रा, साके, वडिलांचा चेहरा. आणि मग कधीच कुणाला न सांगितलेलं, ते राखेतलं पांढरं हाड. "ते आगीतसुद्धा जळलं नाही हो. मी या हातांनी उचललंय ते."

तोकुजीच्या घशातून एक आवाज आला. तो हसत होता. हसण्याचं रूपांतर खोकल्यात झालं, आणि मित्सुए फडका टाकून त्याच्या पाठीकडे धावली, पण त्याने उजवा हात वर करून तिला थांबवलं. खोकला उतरल्यावर त्याने विचारलं, "आपल्या शेगडीची राख कोण चाळायचं?"

"मीच की."

"रोज?"

"तुम्ही कधी हात लावलात?"

"माझ्या हातून निखाऱ्यात पडायचे की नाही तुकडे?"

"पुष्कळ. लक्ष सगळं गप्पांत."

"मग चाळणीत काय यायचं?"

मित्सुएने आठवून बघितलं. न जळलेला कोळसा यायचा. पंखांच्या हाडांच्या पांढऱ्या कपच्या यायच्या, त्या तर बोटाला टोचायच्या. एकदा कुणाच्या तरी अंगरख्याचं बटण आलं होतं. ती बोलता बोलता थांबली. नानकोत्सु कधीच आलं नव्हतं. एवढ्या वर्षांत, एवढ्या राखेत, एकदाही नाही.

"जळून जातं ते," तोकुजी म्हणाला. "पार. आपला कंठमणीसुद्धा तसल्याच मऊ हाडाचा, तोही जळतो. मडक्यात ठेवतात ते मानेचं हाड. लोक गळ्याचं म्हणतात. आईच्या दहनाच्या वेळी मी विचारलं होतं तिथल्या माणसाला." तो दमला होता, तरी बोलला. "तू उचललंस ते तुझ्या बाबांचंच, वेडे."

मित्सुए गिऱ्हाइकांच्या स्टुलावर मटकन बसली. आपण रडू असं तिला वाटलं नव्हतं, पण रडली, आणि चांगली हुंदके देऊन रडली. भीती गेली म्हणून नाही. इतकी वर्षं थडग्यापुढे उभं राहून तिने आपल्या बापाच्या हाडाचा राग केला होता. त्या बिचाऱ्या हाडाला तिने एक धड नमस्कारसुद्धा केला नव्हता, याचं रडू होतं ते.

कळलं म्हणून भीती जाते असं नाही. डोक्याला पटलेलं घशापर्यंत पोचायला वेळ लागतो. तरी दुसऱ्या दिवशी मित्सुए सकाळीच कोंबडीवाल्याकडे गेली, गुडघ्याची हाडं घेऊन आली, आणि कित्येक महिन्यांनी शेगडीत कोळसे पेटवले. धूर छताला लागला तशी तोकुजीने मान वर केली. तिने एकच सळई भाजली, मीठ जास्त झालं, एक बाजू करपली. मग ती त्याच्या शेजारी बसली. सळई तोंडाशी नेली, खाली ठेवली, पुन्हा नेली.

दारावर थाप मारून कुणी बाहेर उभं असावं तसा तोकुजी वाट बघत बसला होता.

तिने तुकडा दातांखाली धरला आणि चावला. करकर असा आवाज तिच्या स्वतःच्या कवटीत घुमला. तो आतून एवढा मोठा ऐकू येतो हे तिला माहीतच नव्हतं. ती चावत राहिली, चावत राहिली, त्याचं पार पीठ झालं तरी चावत राहिली, आणि मग डोळे घट्ट मिटून गिळलं. काहीच झालं नाही. डोळे उघडले तर तोकुजी तोंड उघडून बसला होता, पेजेसाठी.

तेव्हापासून हा रोजचा नेम झाला. एक तुकडा तिचा, दोन चमचे त्याचे. ती भीतभीत चावायची, तो कान देऊन ऐकायचा आणि मधून मधून शेरे मारायचा: आज कमी भाजलंय, आज कोंबडी म्हातारी होती. हिरोसेने वजन केलं आणि आकडा बघून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. नळीचं नाव मागे पडलं. मित्सुए मात्र दर वेळी घाबरायची. दर वेळी पहिला तुकडा तोंडात जाताना तिला बाबा आठवायचे. फरक एवढाच, की आता ती घाबरत घाबरत खायची.

एका दुपारी तिचं लक्ष नव्हतं आणि सळई चांगलीच करपली. तिने ती तशीच ताटलीत ठेवली. तोकुजीने ताटलीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"कोंबडी एकदा मेली होती," तो म्हणाला. "तू पुन्हा मारलीस."

मित्सुएच्या तोंडात तुकडा होता. तिला हसू आलं. इतक्या वर्षांत तिला खाताना कधी हसू आलं नव्हतं, ते नेमकं त्या क्षणी आलं, खरं, पोटातून. आणि हसताहसता श्वास आत घेतला तो पोचलाच नाही.

आवाज बंद झाला. तिने खोकायचा प्रयत्न केला, काही आलं नाही. श्वास घ्यायचा प्रयत्न केला, तोही आला नाही. हीच ती शांतता. ती ओळखीची होती. मित्सुए आयुष्यभर तिचीच वाट बघत होती आणि ती शेवटी आली होती. तिने दोन्ही हातांनी गळा धरला. दराच्या पाट्या तिच्या डोळ्यांपुढे काळ्या पडायला लागल्या.

मग तिच्या अंगरख्याला मागून हिसका बसला. तोकुजीने उजव्या हाताने तिला धरून ओढलं, तिची छाती काउंटरच्या कडेवर आपटली, मान खाली झुकली, आणि दोन खांद्यांच्या मध्ये दणका बसला. दुसरा बसला. जन्मभर निखाऱ्यांवर पंखा हलवून तयार झालेला तो हात, आजारपणाने सगळं अंग पोखरलं तरी शाबूत राहिलेला. तिसरा दणका असा बसला की तिच्या तोंडातून तुकडा उडून काउंटरवर पडला, घरंगळत लसणाच्या डबीपाशी जाऊन थांबला.

हवा तिच्या छातीत शिरताना मोठा, घोगरा, घाणेरडा आवाज झाला. त्याहून गोड आवाज दोघांनीही कधी ऐकला नव्हता.

मित्सुए काउंटरवर डोकं टेकून श्वास घेत होती. तोकुजीचा हात अजून तिच्या पाठीवर होता. त्याच्या ओठांच्या वाकड्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, ती पुसायचं त्याला भान नव्हतं.

"नको आता," शेवटी तो म्हणाला. त्याचा आवाज तिने असा कधी ऐकला नव्हता. "पुरे झालं. पुन्हा नको खाऊस. मी गिळेन पेज. तशीच गिळेन."

मित्सुएने डोकं वर केलं. लसणाच्या डबीपाशी तो तुकडा पडला होता. लहानसा, ओला, पांढरा, वाटाण्याहून थोडा मोठा. बाबांच्या गळ्यात अडकलं ते एवढंच असणार. तिने तो चिमट्याने उचलला, शेगडीपाशी गेली आणि लाल निखाऱ्यावर ठेवला. तुकडा चरचरला, आक्रसला, काळा पडला, त्याच्याभोवती एक छोटी पिवळी ज्योत फिरली. मित्सुए तिथून हलली नाही. ज्योत विझली. तिने चिमट्याने निखारा उलटा केला, राख बाजूला सारून नीट बघितलं. तिथे काही नव्हतं.

ती परत येऊन त्याच्या शेजारी बसली. ताटलीत आणखी एक तुकडा होता, करपलेलाच.

"मित्सुए," तो म्हणाला.

"वाडग्यात पेज राहिलीय अजून," ती म्हणाली. "आणि आता हसवू नका."

तिने तुकडा तोंडात घातला आणि सावकाश चावायला लागली. तोकुजीने या वेळी आवाजाकडे कान दिले नाहीत. तो तिच्या गळ्याकडे बघत होता, श्वास धरून, घास खाली उतरेपर्यंत. ती गिऱ्हाइकांच्या गळ्यांकडे बघायची, अगदी तसाच.